ए-९ रस्त्याने: जाफना, किलिनोच्ची, मुल्लैत्तीवू

श्रीलंकेला जाणारी आपली मंडळी बहुतेक कोलंबो, कँडी, नुवारा एलिया आणि एखादा समुद्रकिनारा करून परततात. आम्ही बेटात वरच्या टोकाने शिरलो. बरोबर बायकोचे मामा होते. गाव सातारा जिल्ह्यातलं, लष्कराच्या सिग्नल विभागातून निवृत्त. १९८८ ते १९९० ते भारताने श्रीलंकेत पाठवलेल्या शांतिसेनेबरोबर याच मुलखात होते आणि तो एकदा साध्या कपड्यांत बघायचा त्यांचा हट्ट होता. मला ओढ वेगळीच होती. श्रीलंका सरकार आणि वेगळं तमिळ राष्ट्र मागणारी लिट्टे ही सशस्त्र संघटना यांच्यात १९८३ ते २००९ चाललेल्या यादवीबद्दल बरंच वाचलं होतं, पण गावं आणि अंतरं डोक्यात बसत नव्हती. कँडीहून जाफन्याला जाणारा ए-९ रस्ता खालून-वरून गेल्यावर ती बसतात. या युद्धातल्या निम्म्या मोहिमा या रस्त्याचा कुठला तुकडा कुणाच्या ताब्यात, एवढ्यासाठीच झाल्या.

पहिला दिवस: पलाली आणि जाफना

चेन्नईहून छोटं विमान पलालीला उतरतं. हा विमानतळ २०१९ पासून आंतरराष्ट्रीय आहे, पण आजूबाजूला सगळा लष्करी तळ. जाफना शहर लिट्टेकडे होतं तेव्हाही पलाली सरकारने सोडली नव्हती. तळाभोवतीच्या गावांतली हजारो माणसं १९९० मध्ये उठवली गेली. बऱ्याच जमिनी टप्प्याटप्प्याने परत मिळाल्या, काही अजून तारेच्या आत आहेत. टॅक्सीतून जाताना एका बाजूला नव्याने बांधलेलं घर आणि शेजारी छप्पर नसलेलं, आतून झाड उगवलेलं घर, असं चित्र बराच वेळ दिसत राहतं.

इथे एक सूचना: विमानतळ परिसरात आणि पुढेही लष्करी छावण्यांसमोर कॅमेरा काढू नका. पैसे शहरात बदला. आपल्या एका रुपयाला साधारण साडेतीन श्रीलंकन रुपये मिळतात आणि लहान हॉटेलांत रोख लागते.

मामांनी खिडकीतून आभाळाकडे बोट केलं. ४ जून १९८७ ला भारताच्या पाच एएन-३२ विमानांनी, मिराजच्या संरक्षणात, याच भागावर धान्य आणि औषधं टाकली. आदल्या दिवशी आपल्या मदतीच्या बोटी श्रीलंकेच्या नौदलाने परत पाठवल्या होत्या. श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांच्या सरकारची वडमराच्ची मोहीम तेव्हा ऐन भरात होती आणि लिट्टेची मान आवळत आली होती. ती मोहीम थांबली. २९ जुलैला राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी कोलंबोत करारावर सह्या केल्या (तमिळ भागाला प्रांतिक अधिकार, लिट्टेने शस्त्रं खाली ठेवायची, देखरेखीला आपली शांतिसेना), आणि दुसऱ्या दिवशी मानवंदना घेताना एका नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला. करार कुणालाच मनापासून नको होता हे पहिल्या चोवीस तासांतच कळलं होतं, असं माझं मत.

दुपारी जाफन्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात गेलो. पांढरीशुभ्र इमारत, समोर सरस्वतीचा पुतळा. ३१ मे १९८१ च्या रात्री, जिल्हा परिषदांच्या निवडणुकीच्या धामधुमीत, पोलीस आणि त्यांच्याबरोबरच्या जमावाने हे ग्रंथालय जाळलं. सुमारे ९७,००० ग्रंथ गेले, त्यांत ताडपत्रांवरची हस्तलिखितंही होती. जुन्या आराखड्यावर इमारत पुन्हा उभी राहिली. आत परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं, पंख्यांची घरघर आणि चपला काढायची सूचना. तिथल्या एका कर्मचाऱ्याशी बोलणं झालं. त्याचे वडील आग बघायला धावले होते. “दुसऱ्या दिवशी वाऱ्यावर जळके कागद आमच्या अंगणापर्यंत आले,” तो म्हणाला, आणि लगेच एका मुलाला मोबाइल बंद करायला सांगायला वळला.

१९५६ चा ‘फक्त सिंहली’ कायदा, सत्तरच्या दशकात विद्यापीठ प्रवेशासाठी तमिळ मुलांना जास्त गुण लागू लागणं, वेगळं तमिळ राष्ट्र मागणारा १९७६ चा वट्टुकोट्टै ठराव, हे सगळं पुस्तकात वाचताना कोरडं वाटतं. इथे कळतं की या गावाची सगळी मिजास शिक्षणावर होती, आणि घाव नेमका तिथेच बसला.

संध्याकाळी डचांच्या किल्ल्यावर. तट पोवळ्याच्या दगडांचे आहेत, हात लावला की खरखरीत कण बोटाला लागतात. १९९० मध्ये इथे अडकलेल्या लष्करी तुकडीला अनेक आठवडे वेढा पडला होता आणि सप्टेंबरमध्ये तिला किल्ला सोडावा लागला. आता तटावर जोडपी बसतात. खाडीवरून वारा मस्त येतो, पाणी बरोबर ठेवा.

मुक्काम एका घरगुती गेस्ट हाउसवर. मालकीणबाईंना सगळे अक्का म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. रात्री इडियप्पम, नारळाच्या दुधातली पिवळी सोदी आणि झणझणीत सांबोल. मामांना तमिळ येतं ते चेकपोस्टपुरतं: थांब, कुठे चाललास, ओळखपत्र दाखव. त्यांनी कौतुकाने म्हणून दाखवलं. अक्का वाढता वाढता थांबल्या. “हे आम्हालाही पाठ आहे,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी मामांना ‘अजून वाढा’ आणि ‘पुरे’ शिकवलं. ‘पुरे’ मामांनी त्या रात्री वापरलं नाही.

दुसरा दिवस: नल्लूर, कंदरोडै, पॉइंट पेड्रो

सकाळी नल्लूरच्या कंदस्वामी कोविलला गेलो. पुरुषांना शर्ट काढूनच आत सोडतात. मंदिराजवळ तिलीपनचं स्मारक आहे. सप्टेंबर १९८७ मध्ये लिट्टेच्या या तरुण राजकीय कार्यकर्त्याने पाच मागण्यांसाठी पाण्याचा थेंबही न घेता उपोषण केलं आणि २६ सप्टेंबरला तो गेला. त्याच्या मागण्या भारताकडे होत्या. दोन आठवड्यांत शांतिसेना आणि लिट्टे यांच्यात लढाई जुंपली. ११-१२ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरमधून उतरलेल्या शीख लाइट इन्फंट्रीच्या तुकडीतला जवळजवळ प्रत्येक जवान मारला गेला. ते मैदान आम्ही रस्त्यावरून पाहिलं. मुलं क्रिकेट खेळत होती.

अक्कांनी नाश्त्याच्या वेळी एक गोष्ट काढली होती. २१ ऑक्टोबर १९८७, दिवाळीचा दिवस. जाफन्याच्या इस्पितळात शिरलेल्या भारतीय सैनिकांच्या गोळीबारात रुग्ण, डॉक्टर, परिचारिका मिळून साठ-सत्तर जण गेले. त्यांच्या शेजारची एक बाई त्यांत होती. मामा म्हणाले, “अक्का, मी पुढच्या वर्षी आलो.” अक्का म्हणाल्या, ठाऊक आहे. आणि मग त्याच अक्कांनी सांगितलं की नंतर चौकात पहाऱ्यावर असलेला एक सरदारजी त्यांच्या वडिलांना विहिरीचा पंप दुरुस्त करून देऊन गेला. दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच आवाजात सांगितल्या.

कंदरोडैला यायचं ते मामांसाठी. इथे २५ नोव्हेंबर १९८७ ला महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन पडले. जन्म मुंबईचा, शिक्षण एसआयईएसमध्ये. शोधमोहिमेवरून परतताना रात्री त्यांच्या तुकडीवर हल्ला झाला. ते वळसा घालून हल्लेखोरांच्या पाठीमागून घुसले. छातीत गोळी लागल्यावरही समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच मारलं, आणि शेवटपर्यंत हुकूम देत राहिले. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. “आमच्या वेळी प्रत्येक नव्या जवानाला ही गोष्ट सांगायचे,” मामा म्हणाले. गावात कांद्याची आणि तंबाखूची शेतं, ताडाच्या झापांची कुंपणं. जवळच ताडांच्या बनात जुने बौद्ध स्तूप आहेत, बुटके, गोलमटोल, अंगणात पालथी घातलेली घमेली दिसावीत तसे. हे स्तूप सिंहली की तमिळ बौद्धांचे, यावरही इथे भांडण आहे. पुरातत्त्व खात्याच्या फलकापाशी उभं राहून आमचा रिक्षावाला त्यावर चांगला पाऊण तास बोलला.

पॉइंट पेड्रो म्हणजे बेटाचं उत्तर टोक. तिथे पातळ, कडक, बडीशेप घातलेला वडा मिळतो, पिशवीभर घ्या, बरेच दिवस टिकतो. वाटेत नेल्लियडी लागतं. ५ जुलै १९८७ ला इथल्या शाळेतल्या लष्करी तळावर स्फोटकांनी भरलेला ट्रक घालून लिट्टेने पहिला आत्मघाती हल्ला केला. पलीकडे वेल्वेट्टितुरै, लिट्टेचा प्रमुख प्रभाकरन याचं गाव. त्याचं घर २०१० मध्ये पाडलं गेलं, तिथे आता मोकळा प्लॉट आहे. बघायला काहीच नाही, तरी गाड्या थांबतात.

तिसरा दिवस: मुहमालै, एलिफंट पास, किलिनोच्ची

दोन दिवसांसाठी चालकासह गाडी ठरवली. बसही वारंवार आहेत, पण ए-९ वर मनासारखं थांबायचं तर गाडीच घ्या आणि चालक तमिळ व सिंहली दोन्ही बोलणारा बघा.

मुहमालैला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कवटीचं चित्र असलेले लाल फलक दिसू लागतात. २००६ ते २००९ या काळात ही आघाडीची रेषा होती आणि जगातल्या दाट सुरुंगपट्ट्यांत हिची गणना होई. सुरुंग काढणाऱ्या हेलो ट्रस्ट या संस्थेची पथकं इथे वर्षानुवर्षं काम करताहेत आणि त्यांत स्थानिक बायका मोठ्या संख्येने आहेत. चहाच्या टपरीवर अशा एका बाई भेटल्या, पूर्वी हे काम केलेल्या. गुडघ्यावर बसायचं, समोरच्या वीतभर पट्टीतली माती बाजूने खरवडत यायचं, वरून टोचायचं नाही. हे त्यांनी टपरीच्या फळीवर चमच्याने साखर सरकवत दाखवलं. नवरा युद्धात बेपत्ता, या पगारावर दोन मुलींची शाळा झाली. पायवाट सोडून शेतात किंवा झाडीत पाऊल टाकू नका, लघुशंकेसाठीसुद्धा नाही. हे गमतीने लिहीत नाही.

एलिफंट पास म्हणजे जाफना द्वीपकल्पाला बेटाशी जोडणारी जमिनीची चिंचोळी पट्टी, दोन्ही बाजूंना उथळ खाजण आणि मिठागरं. डोळ्यांवर ऊन असं येतं की गॉगलशिवाय उभं राहवत नाही. इथला तळ ज्याच्याकडे त्याच्याकडे जाफन्याचं दार. जुलै १९९१ मध्ये लिट्टेने पत्रे ठोकलेला बुलडोझर पुढे घालून तळावर हल्ला चढवला. गामिनी कुलरत्ने नावाच्या सैनिकाने त्यावर चढून हातबाँब आत टाकले आणि स्वतःही मेला. तो गंजका बुलडोझर रस्त्यालगत चबुतऱ्यावर ठेवलाय. पण खरी शिकण्यासारखी लढाई २००० ची. तेव्हा लिट्टेने समोरून डोकं आपटलं नाही. समुद्रातून तळाच्या मागे माणसं उतरवली, ए-९ कापला आणि शेवटी इयक्कच्चीच्या विहिरी काबीज केल्या. तळावर गोड्या पाण्याचा थेंब राहिला नाही. एवढा मोठा तळ २२ एप्रिलला तहानेने पडला. मामा खाजणाचं पाणी बोटाने चाखून थुंकले आणि म्हणाले, “जावईबापू, इथे कोण किती दिवस थांबेल?”

स्मारकावर दक्षिणेतून आलेल्या बसची गर्दी होती. कुरुनेगलकडचं एक सिंहली कुटुंब केळीच्या पानात बांधलेला भात खात सावलीत बसलं होतं, आम्हालाही बसवलं. घरातले आजोबा तुटक इंग्रजीत बोलले. त्यांचा धाकटा भाऊ जुलै १९९६ मध्ये मुल्लैत्तीवूच्या तळावर होता. त्या तळावर हजाराहून अधिक सैनिक मारले गेले. भावाचं काहीच हाती आलं नाही, फक्त ‘बेपत्ता’ असं पत्र. दरवर्षी जमेल तसं ते इथपर्यंत येतात. पुढे मुल्लैत्तीवूला का जात नाही, विचारलं. बायको नको म्हणते, म्हणाले.

किलिनोच्चीला पोचेपर्यंत दुपार टळली. लष्कराने हे गाव १९९६ मध्ये घेतलं, १९९८ मध्ये गमावलं, आणि मग दशकभर ते लिट्टेच्या राज्याची राजधानी होतं. स्वतःची न्यायालयं, पोलीस, बँक, जकात. फेब्रुवारी २००२ मध्ये नॉर्वेच्या मध्यस्थीने युद्धविराम झाला, ए-९ उघडला आणि एप्रिलमध्ये प्रभाकरनने इथे जगभरच्या पत्रकारांना बोलावलं. राजीव गांधींच्या हत्येबद्दल विचारल्यावर ती एक दुःखद घटना होती, एवढंच तो म्हणाला.

युद्धविरामाच्या त्या चार वर्षांत लिट्टेची युद्ध हरायला सुरुवात झाली होती, आणि ती राजकारणात. मार्च २००४ मध्ये तिचा पूर्वेचा सेनापती करुणा फुटला, लिट्टेची पूर्वेकडची बाजू लंगडी झाली. नोव्हेंबर २००५ च्या अध्यक्षीय निवडणुकीत लिट्टेने उत्तरेतल्या तमिळांना मतदान करू दिलं नाही. समझोत्याच्या बाजूचे रनिल विक्रमसिंघे सुमारे १.८ लाख मतांनी हरले आणि महिंदा राजपक्षे आले. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेण्याचं याहून ठळक उदाहरण मला आठवत नाही. पुढे २००७ मध्ये नौदलाने लिट्टेची शस्त्रं आणणारी जहाजं खोल समुद्रात बुडवली, पूर्व किनारा हातचा गेला, आणि २ जानेवारी २००९ ला किलिनोच्ची पडलं.

माघार घेताना लिट्टेने पाडलेली पाण्याची प्रचंड टाकी आणि तोफगोळ्याने भेगाळलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यातून कमळ उगवलेलं विजयस्मारक, दोन्ही रस्त्यावरच. कंदस्वामी मंदिराजवळ मात्र वेगळंच काही आहे. फेब्रुवारी २०१७ पासून बेपत्तांच्या आया इथे आंदोलन करताहेत. एका आजींनी मुलाचा प्लास्टिकमध्ये घातलेला फोटो दाखवला. कोपऱ्यातून आत पाणी गेलं होतं, बरोबर कानापाशी रंग उडाला होता. मुलाला त्यांनी स्वतः लष्कराच्या हवाली केलं होतं, चौकशी करून सोडतो म्हणाले म्हणून. सरकारने बेपत्तांसाठी कार्यालय काढलं आहे. आजींकडे त्याच्या पावत्यांची फाइल आहे, फोटोपेक्षा जाड.

चौथा दिवस: मुल्लैत्तीवू

किलिनोच्चीहून परंतनमार्गे पूर्वेला वळलं की रहदारी संपते. पुतुक्कुडियिरुप्पूच्या पुढे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नंदिक्कडल खाडी, मधे वाळूची पट्टी. सरकारने २००९ मध्ये एकामागून एक ‘गोळीबारमुक्त क्षेत्रं’ जाहीर केली, प्रत्येक आधीच्यापेक्षा लहान, शेवटचं या पट्टीवर. लाखोंनी माणसं त्यात कोंबली गेली. त्यांच्यावर लष्कराच्या तोफा पडत होत्या, आणि निसटू पाहणाऱ्यांवर लिट्टेच गोळ्या झाडत होती, घराघरांतून पोरंपोरी लढायला ओढत होती. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये म्हटलं की या शेवटच्या टप्प्यात ४०,००० पर्यंत नागरिक मेले असू शकतात. सरकारला हा आकडा मान्य नाही.

मुल्लिवाय्क्कालला एका किराणा दुकानात थंड पेय घेतलं. दुकानदार तेव्हा चौदा वर्षांचा होता. वाळूत खंदक टिकत नाही, चर खणला की बाजू ढासळते. म्हणून आईने साड्या फाडून पिशव्या शिवल्या आणि त्यांत वाळू भरून भिंती रचल्या. “लग्नातल्या कांजीवरमसुद्धा,” तो म्हणाला. खायला तांदूळ, पाणी, मिळालं तर मीठ. दर मे महिन्यात लोक ही कंजी रस्त्यावर शिजवून वाटतात आणि १८ मेला इथल्या छोट्या स्मारकाशी जमतात. वाटण्यावरही पोलिसांनी खटले घातले आहेत.

वट्टुवाकलचा पूल बघाच. पाण्याला टेकलेला, अरुंद, कठडे मोडलेला. शेवटच्या दिवसांत माणसं यावरून, काही खाडीच्या पाण्यातून, लष्कराच्या बाजूला आली आणि तिथून छावण्यांत गेली. सुमारे ३ लाख. समोरून टेम्पो आला तर तुम्हाला मागे घ्यावं लागतं. आमच्या चालकाने शिताफीने घेतलं. खाडीत कोळी गुडघाभर पाण्यात कोळंबीची जाळी लावत होते. मामांना आठवलं, १६ मे २००९ ला आपल्याकडे लोकसभेचे निकाल होते. गावात टीव्हीसमोर गर्दी होती. दोन दिवसांनी प्रभाकरन मेल्याची बातमी आली तेव्हा ते एकटेच बघत होते.

मुल्लैत्तीवूत राहायच्या सोयी बेताच्या आहेत, आम्ही वावुनियाला मुक्कामाला गेलो. संध्याकाळनंतर या रस्त्यावर हत्ती असतात, उजेडात निघा.

शेवटचा दिवस: यालदेवी आणि कोलंबो

वावुनियाहून कोलंबोची गाडी. १९९० मध्ये उत्तरेची रेल्वे बंद पडली, रुळांचे खंदक झाले. आपल्या इरकॉन या रेल्वे बांधणाऱ्या सरकारी कंपनीने मार्ग पुन्हा घातला आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये यालदेवी ही कोलंबोची गाडी जाफन्यापर्यंत गेली. तिकीट आधी काढा, आरक्षित डबे लवकर भरतात. वावुनियाच्या उत्तरेला ओमंतै आहे. युद्धविरामाच्या काळात इथे सरकारी चेकपोस्टवरून लिट्टेच्या चेकपोस्टवर जाताना घड्याळ अर्धा तास मागे करावं लागे, कारण कोलंबोने १९९६ मध्ये बदललेली वेळ लिट्टेने कधी मानलीच नाही. २००६ मध्ये सरकार पुन्हा जुन्या वेळेवर आलं, आणि काही महिन्यांत ए-९ बंद झाला.

डब्यात किलिनोच्चीचा एक मुलगा भेटला, कोलंबोजवळ इंजिनीअरिंग शिकणारा. २०२४ च्या संसदीय निवडणुकीत जाफना निवडणूक जिल्ह्यात (किलिनोच्ची त्यातच येतं) दक्षिणेतल्या एनपीपी या डाव्या आघाडीला सहापैकी तीन जागा मिळाल्या, त्या मतांत त्याचंही एक. तमिळ पक्षांना तो कंटाळलाय. आणि प्रांतिक परिषद? १९८७ च्या करारातून तेरावी घटनादुरुस्ती आली, तिच्यातून परिषदा. उत्तरेच्या वेगळ्या परिषदेची पहिली निवडणूक व्हायला २०१३ उजाडलं, २०१८ ला मुदत संपली आणि पुढची झालीच नाही. तो म्हणाला, “निवडणूक घ्या, पण आधी आजोबांचं शेत सोडा. त्यावर अजून छावणी आहे.” ज्या करारासाठी आपले सुमारे १,२०० जवान गेले त्याचं एवढंच शिल्लक आहे, आणि तेही कागदावर.

त्या जवानांची नावं संसदेजवळ, श्री जयवर्धनेपुर कोट्टेच्या स्मारकावर काळ्या दगडात कोरली आहेत. कोलंबोहून रिक्षाने सहज होतं, आम्ही गेलो तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. मामांनी चष्मा पुसून ओळीने वाचायला सुरुवात केली, ओळखीची दोन नावं सापडली, एक सापडलं नाही म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मार्च १९९० मध्ये शेवटच्या जहाजांपैकी एकातून ते त्रिंकोमालीहून मद्रासला उतरले, तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला आले नव्हते. हे त्यांनी रिक्षावाल्याला हिंदी-इंग्रजी मिसळून रागारागाने सांगितलं. रिक्षावाल्याने विचारलं, तुमच्याकडे पेट्रोल काय भाव? परत विमानतळाकडे निघताना मामा म्हणाले, “पुढच्या खेपेला त्रिंको करू. पण मेच्या आत तिकिटं काढा जावईबापू, नंतर उन्हाने भाजून निघू.”